‘माझं काय, मला काहीही चालतं’

सणासुदीच्या सुट्ट्या जवळ आल्या की फॅमिली ग्रुपवर आरोग्याचे मेसेज सुरू होतात. गोड कमी खा, पाणी भरपूर प्या, चालायला जा, ताण घेऊ नका, आणि शेवटी जोडलेले दोन हात. त्यात खोटं काहीच नसतं हो, पण वाचताना मला दरवेळी वाटतं की हे लिहिणाऱ्याने म्हाताऱ्या माणसाचा सणाचा दिवस जवळून पाहिलेलाच नाही. त्या दिवसांत आपण काय खातो, कधी खातो, कुठे झोपतो, किती वाजता झोपतो, गाडी वाटेत कुठे थांबते आणि थांबते की नाही, यातलं जवळजवळ काहीच आपल्या हातात नसतं. आपण कुणाच्या तरी घरी असतो, नाहीतर आपल्याच घरी इतकी माणसं असतात की ते घर आपलं राहिलेलं नसतं. आणि या सगळ्यात आपण हसत हसत एकच वाक्य म्हणत असतो, "माझं काय, मला काहीही चालतं."

सत्तरी ओलांडल्यापासून मला हे वाक्य धोक्याचं वाटायला लागलंय. म्हणजे त्यामागची भावना चांगलीच असते, कुणाला आपला त्रास नको, मुलांची मजा बिघडायला नको, सून आधीच दमलीय तिला अजून एक काम कशाला सांगायचं वगैरे. पण शरीराला आता काहीही चालत नाही ना! तिशीत एक जेवण चुकलं, रात्री दोनला झोपलो, सकाळी उठून प्रवासाला निघालो, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं जाग्यावर यायचं. आता तेच जाग्यावर यायला आठवडा लागतो, आणि कधीकधी येतच नाही. माझं मत असं झालंय की सणात वयस्कर माणूस आजारी पडतो तो गोडापेक्षा भिडेपायी जास्त. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण या वयात ती दवाखान्याचीही कुणीतरी लागत असावी.

पाण्यापासून सुरुवात करते. वय वाढतं तशी तहान लागायची जाणीवच मंदावते, शरीरातलं पाणी कमी झालं तरी तोंड सुकेपर्यंत काही कळत नाही. त्यात शरीरातलं पाण्याचं एकूण प्रमाण तरुणपणापेक्षा कमी झालेलं असतं आणि मूत्रपिंडांची पाणी धरून ठेवायची ताकदही उतरलेली असते. म्हणून "तहान लागली की पिईन" हा नियम आपल्यासाठी निकामी झालाय, तहान नसताना प्यायची सवयच लावून घ्यावी लागते. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे हे सगळं मला पाठ आहे, आणि तरीही खरा प्रश्न विज्ञानाचा नाहीच. सणाला पाणी मुद्दाम कमी प्यायलं जातं, आणि त्याचं कारण असतं बाथरूम. ते वरच्या मजल्यावर असतं, किंवा त्यात सतत कुणीतरी असतं, किंवा तिथवर जायचं तर गप्पा मारत बसलेल्या सगळ्यांच्या मधून, "जरा बाजूला हं" करत जावं लागतं. गाडीचा प्रवास असेल तर विचारूच नका. माझ्या वयाच्या कितीतरी बायका प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासूनच पाणी तोडतात, आणि पुरुषही तोडतात, प्रोस्टेटमुळे त्यांना तर दर थोड्या वेळाने जावं लागतं, फक्त ते कबूल करत नाहीत.

मग काय होतं? बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ होते, रक्तदाब खाली येतो आणि उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. ज्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू आहे त्यांचं तर आणखी कठीण, कारण गोळी पाणी बाहेर काढतच राहते आणि आत भरणारं काही नसतं. काहीजण प्रवासाच्या दिवशी ती गोळीच गुपचूप बुडवतात, ते त्याहून वाईट. आमच्या ह्यांना ती गोळी आहे. त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं की प्रवासाच्या दिवशी काय करू, तर डॉक्टरांनी वेळ बदलून दिली, पोचल्यावर घ्या म्हणाले. इतकं सोपं होतं. अर्थात हे ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून करायचं, आणि हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात ज्यांना पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं त्यांनी ते मापच पाळायचं, "भरपूर प्या" हा सल्ला त्यांच्यासाठी नाही.

म्हणून मी आता कुणाकडे राहायला जायच्या आधीच फोनवर सांगते की मला बाथरूमजवळची खोली दे, हवं तर लहान दे, गादी कशीही असू दे. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली होती, आता अजिबात नाही अडखळत. आणि रात्रीसाठी एक छोटा दिवा स्वतःच घेऊन जाते, कारण परक्या घरात रात्री बटण कुठल्या भिंतीवर आहे ते सापडत नाही आणि माणूस चाचपडत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे पासष्टीपुढच्या दर शंभरातली २८ ते ३५ माणसं वर्षातून एकदा तरी पडतात. सणाच्या घरात तर पडायची सगळी तयारी करून ठेवलेली असते, मधोमध उघड्या बॅगा, चार्जरच्या वायरी, जमिनीवर खेळणी, नवीन गुळगुळीत सतरंजी, आणि पायात नवी चप्पल. शिवाय अर्धवट झोपेत एकदम उठलं की रक्तदाब क्षणभर घसरतो. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं, हे सगळ्यांना माहीत असतं पण लघवीची घाई असली की आठवत नाही. वायर उचला म्हणून सांगायला मात्र मला संकोच वाटत नाही, शिक्षिका होते, हुकूम सोडायची सवय आहे.

आता जेवण. सगळे गोडाच्या मागे लागलेले असतात, पण गोडापेक्षा मला जेवणाच्या वेळेची भीती वाटते. एक जुना अभ्यास आहे, अमेरिकेतला, २००० साली छापून आलेला, त्यात १९५ प्रौढांचं वजन सुट्ट्यांच्या आधी आणि नंतर मोजलं होतं, तर सणाच्या काळात वाढलेलं वजन सरासरी ३७० ग्रॅम निघालं. लोकांना वाटत होतं त्याच्या मानाने फारच कमी. (ते पुढे वर्षभर उतरत नाही ही त्यातली वाईट बातमी, पण ते असो.) म्हणजे गोडाचे दोन तुकडे जास्त खाल्ले म्हणून आभाळ कोसळत नाही. रोज साडेसातला जेवणारा माणूस साडेदहाला जेवायला बसला, तर मात्र गडबड होते.

मला मधुमेह आहे म्हणून हे फार जवळून माहीत आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतल्या आणि जेवण लांबलं तर साखर खाली जाते. तरुण माणसाला अशा वेळी दरदरून घाम येतो, हात थरथरतात, धडधडतं, त्यामुळे त्याला कळतं. वय झालेल्यांमध्ये ही धोक्याची घंटा बारीक वाजते, आणि बीटा ब्लॉकर प्रकारची रक्तदाबाची गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड जवळजवळ कळतच नाही. मग वरून काय दिसतं तर माणूस चिडचिडा होतो, गप्प होतो, असंबद्ध बोलतो. आणि घरातले म्हणतात, आज आजीचा मूड नाही वाटतं! मूडचा काही संबंध नसतो हो, साखर पन्नासवर आलेली असते. अशा वेळी आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, साधारण १५ ग्रॅम होते, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, कमी असेल तर परत द्यायची. माणूस गिळण्याच्या अवस्थेत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. हे मी माझ्या नातीला शिकवून ठेवलंय, मोठ्यांना शिकवण्यात अर्थ नाही, ते त्या दिवशी कामात असतात.

तर मी काय करते, माझ्या वेळेला जेवते. सगळे साडेदहाला बसतील तेव्हा त्यांच्याबरोबर बसते, ताटात काहीतरी घेते, गप्पा मारते, पण माझं जेवण झालेलं असतं. सुरुवातीला यजमानांना ते जरा लागतं, आमच्याआधी जेवलात, आम्ही वाढलं नसतं का, वगैरे. त्यावर माझं उत्तर एकच, मी एक वाटी आधी मागते ती तुला परवडेल की दहा वाजता मला चक्कर आलेली परवडेल. यानंतर कुणी वाद घालत नाही.

भरपेट जेवणाचंही असंच आहे. मोठं, पिठाळ-गोड जेवण झालं की पचनासाठी पोटाकडे रक्त जास्त जातं, तरुण शरीर हृदयाची गती आणि रक्तवाहिन्यांचा ताण वाढवून ते सावरून घेतं, म्हाताऱ्या शरीराला ते तितकं जमत नाही. काहींचा वरचा रक्तदाब जेवणानंतरच्या दोन तासांत वीस किंवा त्याहून जास्त अंकांनी घसरतो. मधुमेह असलेल्यांमध्ये, पार्किन्सन या कंपवाताच्या आजारात हे जास्त दिसतं. दुपारच्या मोठ्या जेवणानंतर आजोबा उठले आणि तोल जाऊन खुर्चीचा आधार घेतला, असं बऱ्याच घरांत पाहायला मिळतं आणि सगळे म्हणतात जेवण अंगावर आलं. शब्दशः आलेलंच असतं ते. थोडं थोडं खावं, जेवणाआधी पेलाभर पाणी प्यावं, जेवून लगेच ताडकन उठू नये, इतकं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

मिठाबद्दल एकच सांगते कारण त्याकडे कुणी बघतच नाही. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, म्हणजे सपाट चमचाभर, आणि सणाच्या दिवशी ते नाश्त्याबरोबरच संपतं. आमचे हे हृदयाचे पेशंट, त्यामुळे आमच्या बॅगेत वजनकाटा असतो, हो, प्रवासातसुद्धा, नातवंडं हसतात. पण दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वजन वाढलं तर ती चरबी नसते, साठलेलं पाणी असतं, घोटे सुजतात, आडवं झालं की धाप लागते, आणि ते वेळेत डॉक्टरांना कळवलं तर गोळीत बदल करून भागतं. कळवलं नाही तर ॲडमिट.

दारूबद्दल मी बोलणार नव्हते, पण बायकांनी बोलायचं नाही आणि पुरुषांनी पितो हे सांगायचं नाही अशाने कसं व्हायचं. १९७८ साली फिलिप एटिंजर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट लिहून ठेवली, की एरवी हृदयाचा आजार दिसत नसलेली माणसं शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांनंतर हृदयाचे ठोके बिघडले म्हणून दवाखान्यात येतात, आणि त्याआधी भरपूर प्यालेली असतात. त्याला हॉलिडे हार्ट असं नावच पडलं. आपल्या वयात तर दारू रक्तात जास्त चढते कारण शरीरात पाणी कमी, आणि झोपेच्या गोळीबरोबर किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर तिचं काय होईल याचा भरवसा नाही. "एकाने काय होतंय काका" असं म्हणणाऱ्या भाच्यांना आपल्या गोळ्यांची यादी दाखवावी.

औषधांवरून आठवलं. पाहुण्यांच्या घरात सर्दी-खोकल्यापेक्षा वेगाने पसरतो तो औषधांचा सल्ला. जरा शिंक आली की कुणीतरी पर्समधून गोळी काढतं, ही घ्या मावशी, मी नेहमी घेते, एकदम बरं वाटतं. ती घेणारी पस्तिशीची असते! सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत जुन्या प्रकारचं ॲलर्जीचं औषध असतं, त्याने म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, गोंधळ उडतो, पुरुषांची लघवी अडकते. नाक मोकळं करणारी काही औषधं रक्तदाब वाढवतात. आणि अंगदुखीची साधी वाटणारी गोळी, आयबुप्रोफेनसारखी, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीची गोळी यांच्या जोडीला आली की किडनीवर तिहेरी मार बसतो. वयस्करांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची एक यादीच अमेरिकेतल्या मार्क बीअर्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये केली, ती आजही सुधारून निघते, २०२३ मध्ये नवी आवृत्ती आली. ती आपण वाचायची गरज नाही, आपली गोळी सोडून दुसऱ्याची गोळी घ्यायची नाही एवढं पुरे. पण इथेही भीड आडवी येते, तिने इतक्या प्रेमाने दिली, नाही कसं म्हणणार. मी घेते हातात, थँक्यू म्हणते आणि पदराला बांधते.

स्वतःच्या गोळ्या मूळ पाकिटातच न्याव्यात, चार दिवस पुरतील इतक्या जास्तीच्या घ्याव्यात कारण सुट्टीत दुकानंही बंद असतात आणि डॉक्टरही, आणि त्या हातातल्या पिशवीत असाव्यात, डिकीतल्या बॅगेत नकोत. विमानात इन्सुलिन खालच्या सामानात टाकू नये, गोठलं तर कामातून जातं. नावं, डोस आणि ॲलर्जी लिहिलेला कागद पाकिटात आणि त्याचाच फोटो मुलाच्या फोनमध्ये. लांबच्या प्रवासात चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, एरवी तो कमी असतो म्हणून घाबरायचं नाही पण तासा-दीड तासाने गाडी थांबवायला सांगायचं, आणि बघा, इथे बाथरूमचाही प्रश्न आपोआप सुटतो. फ्लूची लस घ्यायची असेल तर अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही.

नातवंडाची सर्दी हा अवघड विषय आहे. बाळ दोन महिन्यांनी भेटलंय, नाक गळतंय, आणि ते धावत येऊन गळ्यात पडतं. कुठली आजी मागे सरकेल! मी नाही सरकत. पण ताप असेल तर येऊ नका किंवा एक दिवस उशिरा या, हे मी लेकीला आधीच सांगून ठेवलंय, कारण ऐनवेळी दारात सांगणं मला जमणार नाही हे मला माहीत आहे. बाकी खिडक्या उघड्या ठेवायच्या, हात धुवायचे. उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. आपल्या वयात पोटातलं आम्ल कमी झालेलं असू शकतं, बाकी सगळे त्याच अन्नाने ठणठणीत राहतात आणि आपण दोन दिवस आडवे होतो.

आता ज्या गोष्टीबद्दल कुणीच मेसेज पाठवत नाही ती सांगते. ऐकू येणं. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, त, फ असली अक्षरं पुसट होतात, स्वर ऐकू येतात, त्यामुळे माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. शांत खोलीत एकाशी बोलताना चालून जातं. सणाच्या घरात मात्र टीव्ही चालू, चार जण एकाच वेळी बोलतायत, स्वयंपाकघरात भांडी, पोरांचा आरडाओरडा. मग आपण काय करतो तर हसतो. सगळे हसले की हसतो, मान हलवतो, आणि तासाभराने इतके थकतो की आत जाऊन पडतो. घरच्यांना वाटतं आराम करतायत. माझ्या एका मैत्रिणीने मला सांगितलं की वर्षातला सगळ्यात एकटा दिवस कुठला म्हणशील तर घरात पंचवीस माणसं असतात तो. ऐकून मला धस्स झालं, कारण मला लगेच कळलं ती काय म्हणतेय.

हे फक्त मनाचं दुखणं नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणारी आणि आपल्याला बदलता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, त्यात कमी ऐकू येणं आहे आणि एकटेपणाही आहे. आणि २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तीन लाखांवर माणसं होती त्यांत, तर ज्यांचे नातेसंबंध घट्ट त्यांची जगण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा दीडपट निघाली. म्हणजे सणाला चार माणसांत बसणं हे एक औषधच आहे, पण ते ऐकू आलं तर लागू पडणार ना! कानाचं यंत्र असेल तर ते डब्यात ठेवून जाऊ नका (बरेच जण ठेवतात, फोटोत दिसतं म्हणून), जास्तीचे सेल घ्या. भिंतीला पाठ करून बसा म्हणजे मागचा गोंगाट येत नाही. टीव्ही बंद कर म्हणून सांगा, हक्काने सांगा. आणि सगळ्यात बरं म्हणजे घोळक्यात बसण्यापेक्षा एकेकाला बाजूला घेऊन बसावं. माझा नातू पंधरा मिनिटं एकटा माझ्याजवळ बसला की मला सगळ्या पार्टीपेक्षा जास्त कळतं, त्याची गर्लफ्रेंड आहे हे घरात सगळ्यात आधी मला कळलंय.

ज्यांच्याकडे कुणी येत नाही, किंवा ज्यांचं माणूस याच वर्षी गेलंय, त्यांना मी काय सांगणार. त्या दिवशी हसायलाच हवं असं काही नाही. दुपारचा एक फोन ठरवून ठेवावा, बाहेर एक फेरी मारावी, आणि रडू आलं तर रडावं. पण दोन-तीन आठवडे झोप आणि भूक दोन्ही गेली, कशातच मन लागेना, तर ते वयामुळे होतंय असं समजू नये, त्याला उपचार आहेत.

हालचालीचं म्हणाल तर आपल्याला प्रेमाने बसवून ठेवलं जातं. तुम्ही बसा, तुम्ही उठू नका, हवंय ते सांगा. राजेशाही वाटते दोन दिवस. पण २००७ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, साधारण ६७ वयाच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतलं जवळजवळ किलोभर स्नायू-मांस गेलं. सोफ्यावर बसणं म्हणजे अंथरुणात पडणं नाही हे मान्य, पण दिशा तीच आहे. म्हणून काम मागून घ्यावं, निवडायचं, पुसायचं, पोरांना घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं. याच्या उलट टोकाला त्या आज्या आहेत ज्यांना कुणी बसूच देत नाही, ज्या पहाटेपासून ओट्याशी उभ्या असतात आणि सगळे जेवून झाल्यावर स्वतः उभ्याउभ्या चार घास खातात, गोळी घ्यायची राहून गेली हे त्यांना रात्री आठवतं. त्यांच्या "मला काहीही चालतं"चा मला जास्त राग येतो, कारण त्यात थोडा अभिमान मिसळलेला असतो. माझ्या आईचा होता. स्टूल घ्या, बसून करा, निम्मी कामं लेकरांना वाटा, मुलग्यांनाही.

आणि शेवटची भीड सगळ्यात महाग पडते. छातीत जडपणा वाटतोय, पण आज नको, उद्या सगळे गेले की बघू. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या दोन लाख त्र्याऐंशी हजारांवर हार्ट अ‍ॅटॅकच्या नोंदी तपासल्या होत्या, २०१८ मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. नाताळच्या आदल्या दिवशी, जो तिथे मुख्य सणाचा दिवस, प्रमाण एरवीपेक्षा ३७ टक्क्यांनी जास्त होतं, ते सुद्धा रात्री दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, आणि पंचाहत्तरीपुढच्यांना, मधुमेह किंवा आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक. सण असल्यामुळे लोक दवाखान्यात उशिरा जातात, हे सुट्ट्यांमधल्या मृत्यूंच्या दुसऱ्या अभ्यासांत एक संभाव्य कारण म्हणून मांडलेलं आहे, आणि मला त्याचं काहीच नवल वाटत नाही. आपल्या वयात तर छातीत कळ येईलच असंही नाही. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो जेवण जड झालं. तोंड एका बाजूला वाकडं होणं, हात उचलता न येणं, बोलणं जड होणं, यात तर मिनिटं मोजायची असतात. आणि काल बरा असलेला माणूस आज अचानक गोंधळल्यासारखा वागतोय, वेळ-जागा कळत नाहीये, तर ते म्हातारचळ नसतं, त्यामागे बहुतेक वेळा जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता किंवा एखादं औषध असतं आणि ते त्याच दिवशी दाखवायचं असतं. जिथे जाऊ तिथलं सुट्टीत उघडं असणारं जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे मी पोचल्या पोचल्या विचारून घेते. जावयांना पहिल्यांदा ते फार अशुभ वाटलं होतं. आता ते स्वतःच आधी मेसेज करतात, पत्ता आणि फोन नंबरसकट.

यंदाचं आमचं ठरलंय, लेकीकडे जायचं, खालची खोली, जेवण साडेसातला, वजनकाटा बरोबर. आणि सुट्ट्या संपल्यावरच्या आठवड्यातली डॉक्टरांची वेळ मी आत्ताच घेऊन ठेवलीय, कारण तेव्हा आमच्या वयाची सगळी मंडळी तिथेच भेटतात आणि नंबर लागत नाही.